पिवळ्यात पाणी

१२ जानेवारी

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं. तोंडी बोललेल्याला पुरावा नसतो. माणसं खुशाल म्हणतात, 'मी असं म्हणालोच नव्हतो.'

तर प्रकरण असं. काल आमच्या प्रिंटरने 'शाई संपली' म्हणून छापायचं नाकारलं. हे लगेच चपला घालून नवं कार्ट्रिज आणायला निघाले. मी म्हटलं, "थांबा जरा. तो म्हणतो म्हणून संपली का?" कार्ट्रिज बाहेर काढलं, वरचं लेबल नखाने सोललं आणि भोकात टाचणी घातली. आतला स्पंज ओला! टाचणी चांगली रंगून बाहेर आली. म्हणजे पोट भरलेलं, आणि उपाशी मेलो म्हणून बोंब.

हे म्हणाले, "अगं, यंत्र आहे ते. त्याला काय कळतंय?"

"यंत्राला नसेल कळत. बनवणाऱ्याला चांगलं कळतं."

मग आज मी शाईच्या बाटल्या आणि एक सिरिंज घेऊन आले. निळी, गुलाबी, पिवळी, काळी. ओट्यावर जुनी वर्तमानपत्रं पसरली आणि एकेका रंगाच्या कप्प्याच्या भोकात सुई घालून सावकाश शाई सोडली. भराभर सोडली तर स्पंज पीत नाही, ओकतो. पान छापून बघितलं. नव्या कार्ट्रिजनेही इतकं छान छापलं नसतं.

रंगाचं मला कोणी शिकवू नये. कापड रंगवायच्या कारखान्यात, रंग जुळवायच्या टेबलावर माझी सगळी नोकरी गेली. व्यापारी चिंधी आणून टाकायचा आणि मी नुसती बघून सांगायची, यात पिवळा किती नि निळा किती. साहेबसुद्धा माझ्या डोळ्याला वचकून असत.

निवृत्त झाल्यापासून आज पहिल्यांदा दोन घास जास्त गेले.

२३ जानेवारी

खालच्या मजल्यावर शिकवणीच्या बाई आहेत. पोरांसाठी चित्रांचे कागद छापतात. त्यांचं कार्ट्रिज भरून दिलं. त्यांनी तळमजल्यावर दवाखाना असलेल्या कातडीच्या डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या प्रत्येक रुग्णाच्या चट्ट्याचा फोटो छापून कार्डावर चिकटवतात, म्हणजे मागच्यापेक्षा उतरला की वाढला ते कळतं. त्यांचंही काम आलं. घरोघरी पोचवायला हे आहेतच. तेवढंच त्यांचं चालणं होतं.

चौकातल्या झेरॉक्सवाल्याला मात्र ही गोष्ट रुचलेली नाही. तोही कार्ट्रिज भरून देतो. गुबगुबीत, गोरटेला, डोळे कायम अर्धे मिटलेले. मी त्याचं नाव बोका ठेवलंय. आज भाजी घेऊन येताना त्याच्या दुकानावरून गेले, तर हात जोडून म्हणाला, "काय मावशी, जोरात आहे म्हणे!"

मांजर डोळे मिटून दूध पितं, ते काय उगीच?

४ फेब्रुवारी

पिवळ्या शाईत पाणी आहे.

नवी बाटली आणली. टिश्यूवर थेंब टाकला तर जेमतेम पिवळसर डाग. चाचणीचं पान छापलं तर पिवळ्या पट्टीच्या जागी जवळजवळ कोरा कागद. यांना म्हटलं, "बघा, कसं फसवतात."

यांनी पान खिडकीपाशी नेऊन पाहिलं. "मला तर चांगली पिवळीधमक दिसते आहे."

"तुम्हाला कधी रंग कळलाय? लग्नात घातलेला कोट तुम्ही अजून करडा म्हणता."

"करडाच होता तो."

जाऊ दे. शाईवाल्याला फोन करून चांगलं फैलावर घेतलं. तो म्हणतो, त्याच पेटीतल्या बाटल्या गावभर गेल्या, कोणाची तक्रार नाही. म्हणजे गावभर पाणी विकतोय. यापुढे पिवळा नेहमीपेक्षा जास्त भरायचा. पाणी आहे म्हटल्यावर दुसरा इलाज काय?

९ फेब्रुवारी

ही वहीसुद्धा स्वस्तातली निघाली. रेघा इतक्या फिक्या छापल्यात की ओळ वर गेली की खाली, पत्ता लागत नाही. कपड्यांच्या साबणातही काहीतरी भेसळ आहे. पडदे परवाच धुतले, तरी पिवळट ते पिवळटच. आणि रस्त्यावर नवे दिवे लावलेत त्यांच्याभोवती हे एवढं धुक्याचं कडं. संध्याकाळी समोरचा माणूस ओळखू येत नाही. सगळीकडे हलका माल.

१३ फेब्रुवारी

शिकवणीच्या बाई वर आल्या, हातात कागद. म्हणाल्या, "काकू, डुक्कर केशरी आलंय."

कागदावर डुक्कर होतं. चांगलं गुलाबी. मी तसं सांगितलं. त्या यांच्याकडे बघत राहिल्या. हे म्हणाले, "केशरीच दिसतंय गं जरा."

मला हसूच आलं. म्हटलं, "कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. तुम्ही उद्या रक्त तपासून या."

बाई घाईघाईने गेल्या. बोक्याने यांना काहीतरी शिकवून पाठवलेलं दिसतं. पोरांना डुकराचा रंग काय कळतोय? शिकवणीत रोज नवीन डुकरं लागतात होय?

१५ फेब्रुवारी

हे खरंच रक्त तपासून आले. कावीळ नाही म्हणे. लॅबवालेही आजकाल काय वाटेल ते लिहून देतात.

१६ फेब्रुवारी

हे सकाळी पुन्हा सुरू झाले. "तू एकदा डोळे दाखवून ये ना. चल, मी येतो बरोबर."

"कोणाला दाखवू? ज्यांनी सगळ्या कारखान्याला रंग दाखवला ते डोळे?"

"वय होतं गं माणसाचं."

"तुमचं झालंय. दोन वेगवेगळे मोजे घालून काल बाजारात गेला होतात. शेजारणीने मला सांगितलं."

"घड्या तूच घातल्या होत्यास," असं म्हणून वर्तमानपत्र उघडून बसले. चूक झाकायला माणूस बायकोच्या घडीपर्यंत जातो.

२८ फेब्रुवारी

तक्रारी एकदम थांबल्या. दोन आठवड्यांत एक चकार शब्द नाही. मी यांना म्हटलंच होतं, पिवळा जास्त भरायला लागल्यापासून काम एकदम चोख होतंय. हे म्हणाले, "हो ना." आता पोचवायचं सगळं स्वतःकडे घेतलंय यांनी. काही कमीजास्त असेल तर गिऱ्हाइकाने थेट यांनाच फोन करायचा, असंही परस्पर सांगून ठेवलंय. म्हणे, "तुझा वेळ कशाला घालवायचा?"

एवढी काळजी यांना माझ्या वेळेची कधीपासून?

७ मार्च

यांच्या नखांत शाई आहे.

जेवायला बसले तेव्हा पाहिलं. उजव्या हाताच्या बोटांच्या नखांत काळं काहीतरी. भरायचं काम मी करते, तेही हातमोजे घालून. यांचं काम फक्त पिशवी उचलायची नि द्यायची. विचारलं तर म्हणाले, "पिशवीत सांडलं असेल." मी पिशवी उलटी करून पाहिली. कोरडी ठणठणीत.

कुठेतरी पाणी मुरतंय.

९ मार्च

तळमजल्यावर जाऊन यायला किती वेळ लागावा? हे चहाच्या आधी गेले आणि माझा सगळा स्वयंपाक आटोपला तेव्हा उगवले. म्हणाले, "गप्पा मारत बसलो." कोणाशी ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो.

लेकीचा फोन आला. आधी यांच्याशी बोलली, गॅलरीत, दार ओढून. मग माझ्याशी. "आई, डोळे कधी तपासलेस शेवटचे?" शब्द अगदी यांचेच. बाप-लेकीने आधी तालीम केलेली दिसते.

म्हटलं, "तुझे आधी तपास. वाढदिवसाला काळी साडी पाठवलीस आईला."

मग म्हणाली, "आई, ती जांभळी आहे."

१४ मार्च

आज डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. हे पिशवी घेऊन निघाले, तशी मी पाठोपाठ. हे तळमजल्यावर थांबलेच नाहीत. सरळ रस्ता ओलांडला. चौकात आले. आणि बोक्याच्या दुकानात शिरले.

मी समोरच्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. काचेतून अंधुक दिसत होतं, ती काचसुद्धा त्या मेल्याने कधी पुसलेली नाही, पण आमची पिशवी मी कुठेही ओळखेन. आतल्या टेबलावर माझी कार्ट्रिजं मांडलेली. हे स्टुलावर खाली वाकून बसलेले. बोका शेजारी उभा राहून बोट दाखवतोय. मध्येच दोघे हसले.

घरचा भेदी म्हणतात तो हाच. माझी भरायची रीत बोक्याला विकताहेत, नाहीतर गिऱ्हाइकं तरी. कशासाठी? मी यांचं काय वाकडं केलंय? कुठल्या गोष्टीत कमी पडले?

घरी येऊन नुसतीच बसून राहिले. हे आले, पिशवी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "डॉक्टरबाई खूश आहेत हं तुझ्यावर."

मी म्हटलं, "असतीलच."

१५ मार्च

सांगून टाकलं. "उद्यापासून पोचवायला मी जाणार. तुम्ही घरी बसा."

यांचा चेहराच पडला. "का? काय झालं?"

"काही नाही. माझंही चालणं होईल."

"बरं, पण चाचणीचं पान तरी मला बघू देत जा."

"का? बोका विचारतो का?"

बोका कोण हे त्यांना ठाऊक नाही, नाव माझ्यापुरतंच आहे. पण कळलं असावं. शेवटी पाणी प्यायला उठले आणि पेला तसाच भरलेला ठेवून बाहेर निघून गेले.

चोराच्या मनात चांदणं.

२४ मार्च

आठ दिवस मी स्वतः जातेय. जिने चढउतार करून गुडघे बोलायला लागलेत, पण मन शांत आहे.

होतं, म्हणायला हवं. आज सकाळी शिकवणीच्या बाईंनी कार्ट्रिज परत पाठवलं, चिठ्ठी नाही, निरोप नाही. दुपारी पलीकडच्या इमारतीतले नकाशे काढणारे गृहस्थ येऊन गेले. नदी हिरवी आली म्हणून आवाज चढवला. मी म्हटलं, नद्या हिरव्याही असतात. संध्याकाळी आणखी एक फोन.

बोक्याचंच काम हे. घरातला माणूस हाताशी राहिला नाही, म्हणून आता गिऱ्हाइकं फितवतोय.

२६ मार्च

हे लिहायला हात चालत नाही, पण लिहिते. आज नाही लिहिलं तर ही वही ठेवण्यात अर्थ नाही.

डॉक्टरबाई स्वतः वर आल्या. दवाखाना मध्येच सोडून. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. टेबलावर दोन फोटो ठेवले. दोन्हींत एकाच बाईचा गाल, गालावर चट्टा.

"काकू, यातला लालभडक कुठला?"

मी नीट पाहिलं. उजेडात धरून पाहिलं. म्हटलं, "एकच फोटो दोनदा छापून आणलात. माझी परीक्षा घेताय?"

त्यांनी यांच्याकडे पाहिलं. हे जमिनीकडे बघत होते.

त्या आवाज न चढवता बोलल्या. त्यामुळेच अजून कानात बसलंय ते. "एक मी माझ्या घरच्या प्रिंटरवर छापलाय. दुसरा गेल्या आठवड्यात तुम्ही दिलेल्या कार्ट्रिजवर. चट्टा लाल आहे. तुमच्या शाईत तो तपकिरी पडला. कार्डावर तो फोटो बघून माझ्या मदतनीस डॉक्टरने ठरवलं, उतार पडतोय, आणि औषध बंद केलं. काल त्या बाई आल्या तेव्हा चट्टा गळ्यापर्यंत पसरला होता."

माझ्या तोंडून निघालं, "शाईवाल्याने पिवळ्यात पाणी…"

"पिवळा कमी नाही काकू, भलताच जास्त आहे. बाजूच्या कप्प्यात उतरलाय. गुलाबी सगळा नासला." मग त्यांनी आपल्या गळ्यातला रुमाल पुढे धरला. "हा कुठल्या रंगाचा?"

"काळा."

"निळा आहे."

मी यांच्याकडे पाहिलं. म्हटलं, आता तरी माझ्या बाजूने बोलतील. हे म्हणाले, "निळा आहे गं."

मी वाटेल ते बोलले. तुम्ही सगळे एक झालात, बोक्याला सामील झालात, मी पाहिलंय, त्याच्या दुकानात बसून तुम्ही माझी कार्ट्रिजं फोडत होतात. हे ऐकून घेत राहिले. मग डॉक्टरबाईंनाच सांगायला लागले. मला नाही, त्यांना.

"हिने दिलेलं मी आधी झेरॉक्सवाल्याकडे न्यायचो. तिथे बसून पिवळं काढायचो, कप्पा धुवायचो, पुन्हा भरायचो. मग तुमच्याकडे आणायचो. तिने मला बंद केलं आणि हे झालं."

डॉक्टरबाईंनी दोन्ही फोटो उचलले. मग म्हणाल्या, "काका, तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत? त्यांना दिसत नव्हतं. तुम्हाला तर दिसत होतं ना?"

त्या गेल्या. दार उघडंच राहिलं.

मी यांना विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं. तू मला रक्त तपासायला पाठवलंस."

२७ मार्च

अजून पटलेलं नाही. माणसं एकमेकांना सामील होऊ शकतात. रुमालही दोन असू शकतात. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणार आहे, पण सगळ्यांना खोटं पाडायला.

३० मार्च

मोतीबिंदू. दोन्हीकडे. पिकलाय म्हणे.

डोळ्यांचे डॉक्टर तरुण आहेत, चष्मा लावतात. स्वतःचे डोळे नीट ठेवता आले नाहीत, असं मनात आलं. म्हणाले, "डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं. पिवळ्या काचेतून बघितल्यावर पांढऱ्यावरचा पिवळा दिसणार कसा? आणि निळा काळाच वाटणार."

"पण मला कळलं कसं नाही?"

"हळूहळू होतं ना. कोणालाच कळत नाही. उलट लोकांना वाटतं, दिवेच मंद झालेत."

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात करून टाकू म्हणाले. एवढी घाई का, म्हणून विचारलं. हसले आणि म्हणाले, "घाई नाही, मावशी. उशीर झालाय."

८ एप्रिल

काल उजव्या डोळ्याचं झालं. आज पट्टी काढली. नर्सने समोर उभं राहून विचारलं, "काय दिसतंय?" तिच्या अंगावरचे कपडे इतके निळे होते की मी उत्तर द्यायचं विसरले. हा निळा माझ्या ओळखीचा होता. मीच चिंध्यांवर जुळवायची तो. मधली कितीतरी वर्षं तो कुठे गेला होता ते मला ठाऊकच नव्हतं.

९ एप्रिल

वाकायचं नाही असं बजावलंय, तरी कपाटातून चाचणीची जुनी पानं काढायला लावली यांना. शिकवणीच्या बाईंचं डुक्करही त्यात निघालं.

डावा डोळा झाकून पाहिलं. केशरी. गाजरासारखं केशरी. उजवा झाकून पाहिलं. छान गुलाबी. पुन्हा डावा झाकला. केशरी. कागद एक, बाई एक. जन्मभर मी लोकांना खोटं पाडत आले, आणि आता माझाच एक डोळा दुसऱ्याला खोटं पाडतोय.

मग ती पिवळी पट्टी पाहिली. फिकी, पाणी घातलेली म्हणून मी शाईवाल्याचा जीव खाल्ला होता ती. इतका दाट पिवळा, की कागद फुगला होता.

१० एप्रिल

आज यांच्यावर पुन्हा चिडले. ते बरोबर होते म्हणून राग कमी होत नाही, उलट वाढतो. म्हटलं, "मी तुम्हाला झिडकारलं, मान्य. पण एवढे दिवस पाठीमागून माझं काम निस्तरत बसलात. हात धरून ओढत न्यायचं डॉक्टरकडे. त्या बाईच्या गळ्यापर्यंत गेलं ते."

हे म्हणाले, "न्यायला हवं होतं."

"मग?"

बराच वेळ भाजी निवडत राहिले. आता स्वयंपाक तेच करतात, मला वाफेजवळ जायचं नाही. मग खाली मान घालूनच बोलले. "निवृत्त झाल्यावर तू भिंतीकडे तोंड करून पडून राहायचीस. आठवतं? केस विंचरायचे राहायचे. मी बोलावलं की 'आले' म्हणायचीस आणि यायची नाहीस. लेक घाबरली होती. आणि मग ते कार्ट्रिज फोडलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून आधी वेणी घातलीस. मला वाटलं, चालू दे. जेवढे दिवस निभेल तेवढे."

मला वाटत होतं ते दिवस कोणाच्या ध्यानातही आले नसतील.

"निभलं नाही," मी म्हटलं.

"नाही निभलं."

१७ एप्रिल

काळा चष्मा लावून बोक्याकडे गेले. त्याने खुर्ची पुसून दिली. मी म्हटलं, "आमच्या घरातल्यांनी तुम्हाला बराच त्रास दिला. तुम्ही इतकी कार्ट्रिजं नीट करून दिलीत…"

"मी?" बोका म्हणाला. "नाही हो मावशी. मी एकालाही हात लावला नाही. काका लावूच द्यायचे नाहीत. म्हणाले, मला शिकवा, मी करतो. तिचं काम आहे, त्याला बाहेरच्याचा हात नको लागायला. पहिल्या दिवशी शर्टाची बाही पार निळी करून घेतली त्यांनी, मग माझा शर्ट घालून घरी गेले. तुम्हाला कळलं नाही?"

मला कळलं नव्हतं. एवढी पाळत ठेवून शर्ट कळला नव्हता.

निघताना नीट पाहिलं. डोळे मात्र मांजराचेच आहेत त्याचे. तेवढं माझं चुकलं नव्हतं.

येताना दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंना म्हटलं, त्या गालावर चट्टा असलेल्या बाईंना भेटून माफी मागायची आहे. म्हणाल्या, "त्या आता बऱ्या होताहेत. पण त्यांना विचारल्याशिवाय मी नाही भेटवणार." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. काम मात्र परत दिलं नाही. मीही मागितलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर मला जिन्यातही उभं केलं नसतं.

१९ एप्रिल

डोळ्यात घालायला दोन बाटल्या दिल्या आहेत. दोन्ही एवढ्याएवढ्या, पांढऱ्या. थेंब घालायचे यांनी. मी दर वेळी बाटली हातात घेऊन नाव वाचते, तारीख वाचते, झाकण बघते, मगच डोकं मागे टेकवते. हे उभे राहतात. आज सकाळी मी दोनदा वाचलं. यांनी नुसता श्वास सोडला. ऐकू आला.

सवय आहे माझी, दुसरं काय. डोळ्याचं भिंग बदललं म्हणून माणूस थोडाच बदलतो?

२५ एप्रिल

डाव्या डोळ्याची तारीख मिळाली, पुढच्या महिन्याची. लेक येणार आहे. शिकवणीच्या बाईंनी रिकामं कार्ट्रिज पाठवलंय, भरून द्या म्हणून. बरोबर निरोप, 'घाई नाही.' मी सुई धरली नाही अजून. यांनी भरलं, मी उजव्या डोळ्याने पान पाहिलं. गुलाबी जरासा कमी होता. सांगितलं. यांनी पुन्हा सुई धरली. हात यांचा चांगला बसलाय, माझ्याहून सावकाश भरतात. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

दुपारी थेंबांची वेळ झाली. मी खुर्चीत बसले. हे बाटली घेऊन आले आणि सवयीप्रमाणे माझ्या नाकासमोर धरून उभे राहिले.

मी डोकं मागे टेकवलं.

"वाचणार नाहीस?" हे म्हणाले.

"टाका."

"ही पहिली का दुसरी, ते तरी…"

"टाका ना हो. मान दुखतेय."

पहिला थेंब गालावर पडला. यांनी तो आपल्या बोटाने पुसला, माझी पापणी हलकेच वर धरली आणि दुसरा टाकला. तो बरोबर आत गेला. गार होता.